चढ किती उरला

सिंहगडाच्या पायथ्याला गोळेवाडीचा नाका मागे पडला की माझ्या उजव्या हाताचा अंगठा हँडलच्या मध्याकडे जातो आणि तिथे बसवलेल्या सायकल कॉम्प्युटरच्या उजव्या कडेवरचे बटण दाबतो. त्या दाबाने नवा लॅप सुरू होतो, म्हणजे पुण्यापासूनच्या सपाट रस्त्याचा हिशेब बाजूला पडून घाटाचा वेळ वेगळा मोजला जाऊ लागतो. बारा वर्षे, अतिवृष्टीचे आणि आजारपणाचे रविवार सोडले तर जवळजवळ दर आठवड्याला, त्याच ठिकाणी हेच करत आल्यामुळे ही क्रिया माझ्या विचारातून कधीच निघून गेली होती आणि हातात जाऊन बसली होती. मार्च २०२४ मध्ये नवा कॉम्प्युटर लावून मी पहिल्यांदा त्या नाक्यापाशी पोहोचलो, अंगठा ठरलेल्या जागी गेला, बटणही दाबले गेले. पण लॅप सुरू झाला नाही. पडद्यावर मी कधी न पाहिलेली एक यादी उघडली आणि ती बंद कशी करायची हे शोधेपर्यंत पहिले वळण संपले. नव्या यंत्रात लॅपचे बटण खालच्या कडेला, सायकलस्वाराच्या छातीच्या बाजूला आहे. उजव्या कडेवर जे आहे ते यादीतली नोंद निवडण्याचे बटण. हे मी आदल्या रात्री माहितीपुस्तिकेत नीट वाचले होते. अंगठ्याने मात्र ते वाचलेले नव्हते, आणि घाटाच्या तोंडाशी, श्वास वाढत असताना, हात अंगठ्याचेच ऐकतो.

जुना कॉम्प्युटर मी २०१२ साली घेतला. काडेपेटीहून थोडा मोठा, चार बटणांचा आणि काळ्या-करड्या पडद्याचा. त्यात नकाशा नव्हता, रंग नव्हते आणि फोनशी त्याचा काही संबंध नव्हता. राइड संगणकात घ्यायची असेल तर मिनी यूएसबीची केबल लागे, जी आता दुकानात सहजी मिळत नाही आणि जिची एक जादा जोडी मी आजही कपाटात जपून ठेवली आहे. पडद्यावर पाच आकडे असत: सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत वेग, त्याखाली अंतर आणि वेळ, आणि तळाशी नाडीचे ठोके व चढाची टक्केवारी. ही मांडणी मी पहिल्याच महिन्यात ठरवली आणि नंतर कधीही बदलली नाही. त्या यंत्राला फक्त झालेले कळत असे. किती अंतर आलो, किती वेळ लागला, आत्ता या क्षणी रस्ता किती चढतो आहे, एवढेच ते सांगे. पुढच्या वळणापलीकडे काय आहे हे त्याला माझ्याइतकेच, किंबहुना माझ्याहून कमी, ठाऊक असे. या एका गोष्टीचे महत्त्व मला ते यंत्र हँडलवरून उतरवल्यानंतर समजले.

ते उतरवावे लागले ते बॅटरीमुळे. लिथियम-आयन सेल वर्षे जातील तशी क्षमता गमावत जातो, आणि उन्हात तापणाऱ्या वस्तूत तर तो अधिक लवकर झिजतो. सुरुवातीला पंधरा-सोळा तास सहज चालणारे यंत्र शेवटच्या वर्षी सहा-सात तासांत मान टाकू लागले. २०२३च्या डिसेंबरमधल्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळात लांब पल्ला पुरा करण्याच्या सायकलफेरीत, जिला साडेतेरा तासांची मुदत असते, परतीच्या वाटेवर खेड शिवापूरपाशी पडदा कोरा झाला. कार्डावर सगळे शिक्के वेळेत पडले होते, त्यामुळे ब्रेव्हे पूर्ण झाली यात शंका नव्हती. पण माझ्याकडच्या नोंदीत ती रेषा आजही महामार्गावर खेड शिवापूरपाशी तुटलेली आहे, आणि अंधारात, समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झगमगाटात पार केलेले कात्रजपर्यंतचे अंतर फक्त माझ्या आठवणीत आहे. घरी आल्यावर मी ते यंत्र पुसून टेबलावर ठेवले आणि आता याला पुरे म्हटले पाहिजे हे मनाशी कबूल केले. मला खरोखर वाईट वाटले.

नव्या यंत्राची मांडणी करण्यात तीन संध्याकाळी गेल्या. एका पानावर दहा आकडे मावतात आणि अशी अनेक पाने करता येतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी हौसेने सगळे भरले: कॅडन्स म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, वेगाची तीस सेकंदांची सरासरी, तापमान, सूर्यास्ताला किती वेळ आहे ते. रस्त्यावर आल्यावर मात्र त्या दहा आकड्यांत मला वेग सापडेना. याचे कारण शोधायला मला थोडे दिवस लागले. ताशी तीस किलोमीटरने जाताना माणूस पडद्याकडे अर्ध्या सेकंदाहून जास्त पाहू शकत नाही, आणि तेवढ्या वेळात डोळा अक्षरे वाचत नाही; तो जागा ओळखतो. तळाशी उजवीकडचा आकडा म्हणजे चढ, हे मला वाचावे लागत नसे. नव्या पडद्यावर त्या जागी सूर्यास्ताची वेळ होती, आणि मी दर वेळी तिथे पाहून दर वेळी क्षणभर गोंधळत होतो. शेवटी मी बाकीची पाने पुसली आणि एकच पान ठेवले, पाच आकड्यांचे, अगदी जुन्या क्रमाने. एका सायकलमित्राने ते पाहून म्हटले, “एवढं महागाचं यंत्र घेऊन जुनंच करून ठेवलंस की.” त्याचे म्हणणे मला पटले नाही, आणि अजूनही पटत नाही. बारा वर्षांत डोळ्याने जे शिकून ठेवले आहे ते टाकून देण्याचे काही कारण नव्हते. नव्या घरात गेल्यावरही आपण मिठाचा डबा शेगडीच्या उजव्या हातालाच ठेवतो.

एप्रिलचे चारही रविवार मी दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी लावून सिंहगडावर गेलो. जुन्याची बॅटरी तेवढ्या अंतराला पुरत होती. मला हे पाहायचे होते की बारा वर्षांच्या माझ्या नोंदी आणि इथून पुढच्या नोंदी एकाच वहीत लिहिता येतील का. गोळेवाडीपासून गडावरच्या वाहनतळापर्यंतचा सुमारे नऊ किलोमीटरचा चढ संपला, तेव्हा चारही वेळा नव्या यंत्राची एकूण चढाई जुन्याहून वीस-पंचवीस मीटरने जास्त होती. कोणते खरे, हा प्रश्न साहजिकच पडला, आणि त्याचा माग काढताना ही यंत्रे उंची मोजतात कशी हे मी प्रथमच नीट समजून घेतले.

दोन्हीमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे. पुण्याच्या उंचीवर साधारण नऊ मीटर वर गेले की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो, आणि यंत्र त्या घटीवरून उंची काढते. याचा अर्थ असा की हवा स्वतःच बदलली तरी यंत्राला आपण चढलो किंवा उतरलो असे वाटते. वळवाच्या सरीआधी दाब झपकन खाली येतो तेव्हा धायरी फाट्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या सायकलचीही चढाई नोंदली जाऊ शकते. वादळ नसतानाही आपल्याकडे हवेच्या दाबाला रोजची एक लय असते: सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलने खाली आलेला असतो. म्हणजे दहाला घरून निघून चारला परत येणारा सायकलस्वार यंत्राच्या मते आपल्या घरापेक्षा तीस मीटर उंचावर पोहोचलेला असतो. जुन्या राइडच्या आलेखात सुरुवातीचे आणि शेवटचे टोक जुळत नाही याचे मला वर्षानुवर्षे कोडे होते, आणि मी त्याचा दोष यंत्राला देत होतो. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून मी शेकडो वेळा सायकलने गेलो असेन. १९२८ साली सिमल्याहून हवामान खात्याचे मुख्यालय तिथे आले आणि त्यावरून चौकालाही तेच नाव पडले. त्या दगडी इमारतीत जे मोजले जाते तेच माझ्या हँडलवरची ही एवढीशी डबी मोजते आहे, हे लक्षात आल्यापासून तिथून जाताना माझी मान आपोआप तिकडे वळते.

दोन यंत्रांतला फरक मात्र बेरजेचा आहे. केवढा उंचवटा चढ म्हणून धरायचा आणि केवढा सोडून द्यायचा हे प्रत्येक यंत्र आपापल्या रीतीने ठरवते. बारीक उंचवटे धरणाऱ्याची बेरीज मोठी येते. त्यामुळे दोन्ही आकडे आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, फक्त त्यांची एकमेकांत बेरीज करता येत नाही. अंतराच्या बाबतीत मात्र चूक माझीच निघाली. जुन्या यंत्रात चाकाचा परीघ मी २५ मिलिमीटरच्या टायरप्रमाणे २१०५ मिलिमीटर असा भरला होता. २०२१मध्ये मी २८चे टायर लावले, ज्यांचा परीघ २१३६च्या आसपास असतो, आणि तो आकडा बदलायचा राहिला. म्हणजे तीन वर्षे मी दर शंभर किलोमीटरला जवळजवळ दीड किलोमीटर कमी लिहीत होतो. त्या नोंदी मी आता दुरुस्त केलेल्या नाहीत. वहीत त्या तारखेपाशी एक ओळ लिहून ठेवली आहे, आणि त्याखाली रेघ मारून नव्या यंत्राच्या नोंदी वेगळ्या सुरू केल्या आहेत.

एका बाबतीत नवे यंत्र निःसंशय सरस आहे. गडावरून परतताना मी पुष्कळदा पेठांतून येतो. जुन्या यंत्राच्या रेषेप्रमाणे मी सदाशिव पेठेत लोकांच्या वाड्यांतून आरपार जात होतो आणि नारायण पेठेत एका इमारतीच्या गच्चीवरून वळत होतो. उपग्रहाचा संदेश अरुंद गल्लीत थेट पोहोचण्याऐवजी समोरच्या भिंतीवर आपटून येतो, त्याला पोहोचायला किंचित जास्त वेळ लागतो, आणि यंत्र तेवढे आपल्याला बाजूला सरकवते. जुने यंत्र फक्त अमेरिकेच्या जीपीएसचे ऐकत असे. नवे रशियाच्या ग्लोनासचे आणि युरोपच्या गॅलिलिओचेही ऐकते, आणि जीपीएस व गॅलिलिओचे तर १५७५.४२ व ११७६.४५ मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारितांवर. दुसऱ्या वारंवारितेवरच्या संदेशात मूळ हाक आणि भिंतीवरचा प्रतिध्वनी वेगळे ओळखणे सोपे जाते. आता माझी रेषा गल्लीच्या मधोमध चालते. सिंहगडाच्या घाटातही, जिथे एका बाजूचे अर्धे आकाश डोंगराने झाकलेले असते, तिची वळणे खऱ्या वळणांवर नेमकी बसतात.

आणखी एक बदल घरात झाला, ज्याची मला अपेक्षा नव्हती. नवे यंत्र फोनमार्फत मी कुठे आहे ते घरच्यांना नकाशावर ठिपक्याने दाखवते. पूर्वी मी गडावर पोहोचल्यावर फोन करत असे आणि बाबा त्या फोनची वाट पाहत बसत. आता ते सकाळच्या चहाबरोबर तो ठिपका पाहतात, आणि मी परतल्यावर मला माझाच रस्ता सांगतात: किरकटवाडीला हळू झालास, खडकवासल्याला चौपाटीपाशी थांबलास. एकदा दार उघडताच त्यांनी विचारले, “घाटात वीस मिनिटं एकाच जागी होतास. पंक्चर झालं होतं का?” मी म्हटले, “नाही बाबा, तिथे फोनला रेंज नसते, म्हणून ठिपका थांबतो.” ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी आईने सांगितले की ठिपका थांबला तेव्हा तेच तिला समजावत होते, “तो चालवतोय, फक्त दिसत नाहीये.” ती वीस मिनिटे त्यांना कशी गेली असतील याचा विचार माझ्या मनातून जात नाही. फोनची वाट पाहताना त्यांना निदान मी नेमका कोणत्या वळणावर दिसेनासा झालो हे ठाऊक नसे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले तिच्याकडे येतो. नव्या यंत्राला पुढचे कळते. घाट सुरू झाला की ते आपणहून एक पान उघडते, त्यावर पूर्ण चढाची बाजूने पाहिलेली आकृती असते, सौम्य भाग हिरवा, मग पिवळा, नारिंगी आणि जिथे चढ उभा तिथे लाल; त्यावर आपला ठिपका सरकत असतो आणि शेजारी दोन आकडे उतरत असतात, किती अंतर उरले आणि किती उंची उरली. सिंहगडावर हे पान मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला फार आनंद झाला. ज्या घाटाची प्रत्येक चाल मी पायांनी शिकलो होतो तो असा एका बोटाएवढ्या पट्टीत चितारलेला पाहून, आपल्या ओळखीच्या माणसाचे चित्र कुणी हुबेहूब काढावे तसे वाटले. कोंढणपूरचा रस्ता येऊन मिळतो त्याच्यापुढचा चढ मला नेहमी जड जातो. तो तिथे होता, लालच होता.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी मात्र माझ्या लक्षात येऊ लागले की पट्टीवर लाल रंग जवळ आला की मी रस्ता उभा होण्याच्या आधीच गिअर खाली घेतो आहे. आधी चढ पायांना कळे, मग श्वासाला, आणि सगळ्यात शेवटी मी पडद्यावर टक्केवारी पाहून खात्री करून घेत असे. आता क्रम उलटा झाला होता. पडद्याने आधी सांगायचे, मनाने धास्ती घ्यायची, आणि पायांनी ते ऐकायचे. उरलेल्या मीटरांचा आकडा तर इतका हळू उतरतो की त्याच्याकडे पाहत चढणारा माणूस घाटात नसतोच, तो त्या आकड्यात असतो.

घाटाच्या वरच्या टप्प्यात एका वळणावर डोंगर बाजूला होतो आणि खाली खडकवासल्याचे पाणी दिसते. मी दर रविवारी तिथे एक नजर टाकतो. फेब्रुवारीपासून कडेची माती उघडी पडायला लागते, मेअखेर तिचा तपकिरी पट्टा रुंद झालेला असतो, आणि जुलैमध्ये एखाद्या आठवड्यात तो एकदम नाहीसा होतो. पुण्यात राहणाऱ्या माणसाला पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांतले पाणी किती टक्के उरले हे वर्तमानपत्रात रोज वाचता येते, पण मी ते त्या वळणावरून वाचतो, बारा वर्षांपासून. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी मी वर पोहोचलो, वाहनतळाशी सायकल टेकवली, ताकाचा पेला हातात घेतला आणि शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी सहज विचारले, “यंदा पाणी कितपत आहे हो खाली?” मला उत्तर देता आले नाही. ते वळण मी दहा मिनिटांपूर्वीच घेतले होते, आणि त्या वळणावर उरलेले अंतर किती होते हे मला नेमके आठवत होते. पाणी मी पाहिले नव्हते.

त्या दिवशी खाली उतरताना यंत्र सायकलवरून काढून टाकावे इतका मी अस्वस्थ होतो. तसे केले नाही याचे कारण पुढे जानेवारीत मिळाले. आम्ही तिघे भोरमार्गे वरंध घाट उतरून महाडला मुक्कामाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढलो. पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीला आहे, महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, आणि मधला रस्ता चाळीस किलोमीटरच्या आसपास. हा घाट मी कधी चढलो नव्हतो. कोकणातले दमट ऊन, दर वळणानंतर आणखी एक वळण, आणि पाण्याच्या दोनच बाटल्या. तिथे ते पान माझ्या फार उपयोगी पडले. प्रतापगडाकडे फुटणाऱ्या रस्त्यापाशी, वाडा कुंभरोशीला, माझ्या मित्राच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले आणि त्याने विचारले, “आता किती?” मी पडद्यावर पाहून त्याला खरा आकडा सांगू शकलो. किती बाकी आहे हे कळल्यावर तो खाली बसला, मीठ-साखरेचे पाणी प्यायला, आणि कुठे कुठे थांबायचे हे आम्ही त्या पट्टीवर बोट ठेवून ठरवले. अनोळखी घाटात, थकलेल्या माणसाबरोबर, हा आकडा म्हणजे मोठाच आधार आहे, आणि जुन्या यंत्राकडे तो नव्हता हे मी मान्य करतो.

परत आल्यावर मी यंत्राच्या यादीत जाऊन ते चढाचे पान आपोआप उघडणे बंद केले. अनोळखी रस्त्यावर निघताना ते मी आठवणीने चालू करतो. सिंहगडासाठी ते बंदच असते. जुने यंत्र टेबलाच्या खणात आहे. त्याची बॅटरी अर्ध्यावर ठेवली तर जास्त टिकते, म्हणून महिन्यातून एकदा मी त्याला त्या जुन्या केबलने थोडे चार्ज करतो आणि पडदा उजळला की एकूण अंतराचा आकडा एकदा पाहून घेतो. तो आकडा नव्या यंत्रात नेण्याची सोय नाही. नव्याने शून्यापासून सुरुवात केली आहे.

या मेमधल्या शेवटच्या रविवारी पावणेसहाला नाका ओलांडला. अंगठा खालच्या कडेला गेला, लॅप सुरू झाला, आणि तो तिथे गेला हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आले. पडद्यावर पाच आकडे होते. कोंढणपूर फाट्यापुढचा चढ पायांना कळला, मग मी तळाशी उजवीकडे पाहिले. वळणावर डोंगर बाजूला झाला. खाली धुके नव्हते, पाणी खूप आत गेले होते, आणि उघड्या पडलेल्या काठाच्या चिखलात कुणीतरी म्हशी उतरवल्या होत्या. वरून त्या मोहरीएवढ्या दिसत होत्या. पुढच्या वळणापर्यंत मी त्या मोजत राहिलो. अकरा होत्या.